जपून ठेव

सदा, परवाच्या रविवारी मी तुझ्या खाकरण्याची वाट बघत होतो.

नेरूळच्या शाळेतला तोच वर्ग आणि तेच आखूड बाक, ज्यांच्यात आपल्या वयाच्या माणसांचे गुडघे मावत नाहीत. फळ्याखालच्या खडूच्या पट्टीवर फोटो ओळीने उभे केले होते. आपल्या फोटो क्लबचा नियमही तोच, की फोटो कुणाचा ते सांगायचं नाही आणि ज्याचा फोटो त्याच्या तोंडाला कुलूप. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत त्याने ब्र काढायचा नाही. हा नियम तूच केलास आणि तूच कधी पाळला नाहीस. तुझा फोटो पट्टीवर आला की तू हटकून घसा साफ करायचास आणि फोटो कुणाचा ते शेवटच्या बाकापर्यंत कळायचं. परवा पट्टीवरचे सगळेच्या सगळे फोटो तुझे होते, आणि तू नियम पाळलास. असा पाळायचा असतो का रे नियम?

मला बसवत नाही. जेवता जेवता उठतो, बातम्या लागल्या की उठतो, कॅमेरा कपाटातून काढतो, लेन्स पुसतो, परत ठेवतो. बायको म्हणते, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" महाप्याच्या कारखान्यात माल तपासायचं माझं काम, तर काल चांगल्या मालाची अख्खी पेटी मी रिजेक्ट करून ठेवली. पोरांनी बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, तब्येत बरी आहे ना?" हे लिहायला बसलो, चार ओळी लिहिल्या आणि चपला घालून सारसोळ्याच्या खाडीपर्यंत चालत जाऊन आलो. आता परत बसलोय. किती वेळ बसेन, सांगता येत नाही.

राग आलाय मला. तुझाच. दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढताना मधल्याच पायरीवर बसलास आणि उठला नाहीस. एवढ्या सगळ्या गोष्टी अर्ध्या टाकून असं कुणी जातं? वहिनींनी ते दूध नंतर तापवलं, माहितीये तुला? घर माणसांनी भरलेलं, आणि त्या ओट्यापाशी उभ्या राहून दूध उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवून होत्या. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. मला तर तेवढंही सुचलं नाही. मी नुसता या खोलीतून त्या खोलीत जात होतो.

क्लबात तुला सगळे घाबरायचे. म्हणजे आदर वगैरे होता, पण खरी गोष्ट भीती. तुझ्या शेऱ्याची भीती. 'ठेव' म्हणालास की माणूस हवेत, कारण तो फोटो वर्षाच्या प्रदर्शनाच्या पेटीत जायचा. आणि 'जपून ठेव' म्हणालास की संपलं. एका शब्दाचा फरक, पण त्या एका शब्दाने माणसं महिनाभर कॅमेऱ्याला हात लावायची नाहीत. बेलापूरच्या मुकादमभाईंच्या कलर लॅबमध्ये आपण सगळे रोल धुवायला टाकायचो. ते तुला हात जोडायचे, "सदाभाऊ, हमारा धंदा बंद करोगे क्या? तुमी एकदा 'जपून ठेव' बोललात ना, की तो माणूस पुढचा रोल घेऊन येतच नाय."

तो शेरा तुला कुठे मिळाला ते मला माहीत होतं. मी होतो बरोबर. तुम्ही तेव्हा वाशीत भाड्याने राहत होतात, क्लब नुकता सुरू झाला होता, आणि आपण सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जायचो, होड्यांचे आणि वाळत टाकलेल्या मासळीचे फोटो काढायला. तिथल्या एका कोळीण मावशीचा तू फोटो काढलास. डोक्यावर पाटी, मागे उगवता सूर्य, आणि मावशी म्हणजे नुसती काळी आकृती. क्लबात त्या फोटोला सगळे वा म्हणाले. तू हवेतच. मोठा प्रिंट काढलास आणि मावशीला द्यायला गेलास. मावशीने हात पदराला पुसले, फोटो घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ह्यो मी हाय?"

"हो मावशी, तुम्हीच."

"माजं तोंड कुटं हाय याच्यान? निसता कालोख हाय."

तू तिला प्रकाश, आकृती असं कायकाय समजवायला लागलास. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोटो तुझ्या हातात परत दिला. "तुमीच ठेवा जपून," म्हणाली. वर तुझं तोंड पडलेलं बघून तिला वाईट वाटलं असावं, म्हणून कागदात बांधून सुके बोंबील दिले. तू शाकाहारी, बोंबील माझ्या घरी आले. बसमध्ये तू अवाक्षर बोलला नाहीस. मग एकदम हसायला लागलास, इतका की कंडक्टर वळून बघायला लागला. "वश्या," म्हणालास, "एवढी झणझणीत समीक्षा आपल्या क्लबात कुणाला जमणार नाही."

आणि पुढच्याच महिन्यात तू तो शेरा दुसऱ्यावर वापरलास. सासूने छळलेली सून पुढे सासू होते, त्यातली गत.

अर्थात त्याला तू तत्त्वही जोडलंस. तत्त्वाशिवाय तुला चहासुद्धा गोड लागायचा नाही. म्हणायचास, ज्या फोटोच्या शेजारी उभं राहून 'ही माझी आत्या आणि त्या दिवशी काय गंमत झाली' असं सांगत बसावं लागतं, तो फोटो घरचा. तो जपून ठेवावा. ज्याच्या शेजारी कुणीही उभं नसलं तरी ज्याचं काही अडत नाही, तो लोकांसमोर ठेवावा. मी म्हणायचो, पटतं, पण जरा गोड शब्दांत सांग की. माझी पद्धत तुला ठाऊक होती. मी आधी चांगलं शोधायचो. रंग छान आलेत, वेळ छान पकडलीय, फक्त क्षितिज थोडं सरळ असतं तर. तू मधेच तोडायचास. "वश्या, मुलीचं स्थळ नाकारतोयस का? पत्रिका जमत नाही म्हणून सांग आणि मोकळा हो!" नाहीतर, "कारखान्यात माल रिजेक्ट करून करून याचा कोटा संपतो, म्हणून इथे सगळं पास."

वर्ग हसायचा. मीही हसायचो. घरी येऊन चडफडायचो.

पण खरं सांगू का, तुझ्याइतका वेळ कुणाच्याही फोटोपुढे कुणी उभं राहत नसे. चष्मा काढून, नाक जवळजवळ कागदाला लावून तू बघायचास. अगदी टाकाऊ फोटोसुद्धा. मग बोट ठेवायचास आणि फोटोवाल्याला नाही, सगळ्या वर्गाला विचारायचास, "इथे काय बघायचंय आपण?" त्या प्रश्नाने माझे कित्येक फोटो मेले आणि दोन-तीन जगले. मिठागरांचा माझा फोटो आठवतो? पांढऱ्या ढिगाऱ्यांवर ऊन, आकाश निळंशार. सगळ्यांना आवडला होता. तू म्हणालास, "सुंदर आहे. पण तिथे उघड्या पायांनी चालणारी माणसं आहेत. हा बघून माझ्या पायाला काही होत नाही." मी भडकलो. पुढच्या रविवारी भर दुपारी परत तिथे गेलो, चपला काढल्या, आणि मग फोटो काढला. तो 'ठेव' झाला. त्यासाठी मी तुझे आभार मानले नाहीत, कारण तुझे आभार मानले तर तू डोक्यावर बसला असतास. आता मानतो. बघायला तू शिकवलंस मला. 'वा' म्हणणाऱ्याने फोटो किती बघितला, तर 'वा' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच, हे तुझं वाक्य मी कारखान्यातल्या नव्या पोरांना ऐकवतो. तुझं म्हणून नाही, माझं म्हणून.

परत उठलो होतो. पाणी प्यायलो. आता दळवीचं.

तुला वाटत असेल वश्या हे टाळेल. नाही टाळणार. तू टाळलंस तेवढं पुरे.

दळवी आपल्यात दोन वर्षं होता. देवगडकडचा, बँकेत नोकरी, शेवटच्या बाकावर बसायचा, फारसा बोलायचा नाही. त्या महिन्यात त्याने एकच फोटो आणला. बाल्कनीतली ग्रिल, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि मागे पाटावर बसलेली एक म्हातारी. फ्लॅश ग्रिलवर आपटून चकाकलेला, आणि म्हातारीचा अर्धा चेहरा लोंबणाऱ्या टॉवेलमागे. तू नेहमीसारखा खूप वेळ बघितलास. मग म्हणालास, "जपून ठेव." बाकीच्यांनी ग्रिलबद्दल, टॉवेलबद्दल काय काय सांगितलं. दळवीच्या तोंडाला नियमाप्रमाणे कुलूप. शेवटी त्याची पाळी आली तेव्हा "काय नाय, ठीक आहे" एवढंच बोलला, फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि गेला. परत आला नाही. आठवड्याभराने मुकादमभाईंनी सांगितलं. त्याची आई त्याच महिन्यात गेली होती. गावाहून ती इथे येऊन राहिली त्या दिवसांतला तो एकच फोटो होता.

मी त्याच संध्याकाळी तुझ्याकडे आलो आणि म्हटलं, जाऊन ये त्याच्याकडे.

"जाऊन काय सांगू? फोटो बरा होता म्हणून?"

"काही सांगू नकोस. चहा पिऊन ये."

"आणि त्याने विचारलं तर? वश्या, फोटो वाईट होता. आई वाईट नव्हती. दोन्हींची गल्लत तो करतोय, मी नाही."

तू चुकत नव्हतास, हीच तर पंचाईत. चुकत असतास तर मी तुला कॉलर धरून नेलं असतं. तेव्हापासून आपलं दर भेटीत तेच. कधी मी काढायचो विषय, कधी तू स्वतःच. "तुझ्या दळवीचं काय रे?" माझा दळवी! जसं काही मी त्याला पाळला होता. बोचत होतं तुला. नाहीतर तू विषय काढला नसतास. पण बोचणं कबूल करणं तुझ्या तत्त्वात बसेना.

शेवटचं आपण बाजारातून येताना बोललो. तुझ्या हातात मेथीची जुडी होती. मी म्हटलं, "सदा, वर्ष होत आलं." तू म्हणालास, "बघू रे. जाईन."

"कधी?"

"बघू म्हटलं ना!"

आणि चिडून पुढे चालायला लागलास. तुझा शेवटचा शब्द माझ्यापाशी हा आहे. बघू. मी तो घेऊन घरभर फिरतोय.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. टेबलावर तुझ्या प्रिंटांचा खोका आणि तुझे ते दोन काळे कोन. कागदाच्या खोक्याचा पुठ्ठा काटकोनात कापून केलेले, फोटोवर ठेवून कडा झाकायचे आणि किती कापलं तर फोटो सुधारेल ते दाखवायचं. कडांना ते पांढरे पडलेत आता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, प्रदर्शनात एक भिंत यांना देतायत म्हणे. फोटो तुम्ही निवडा. पण खरं निवडा. यांनी लोकांना काय काय ऐकवलंय ते मला ठाऊक आहे. आता यांच्याच फोटोंवर नुसतं वा-वा चाललं तर यांना आवडणार नाही आणि मलाही नाही. मी रविवारी येणार आहे."

सदा, मला घाम फुटला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं लहानपणापासून कानावर पडलेलं. आणि इथे त्या माणसाची बायको समोर बसणार, आणि मी गोड बोलणारा वश्या तिच्यासमोर तुझे फोटो रिजेक्ट करणार. रिजेक्ट केले नाहीत तर तुझा अपमान, केले तर तिला दुःख. तुला कसं सोपं जायचं रे हे?

रविवारच्या आधी मी आणखी एक केलं. दळवीला बँकेत फोन लावला. म्हटलं, "रविवारी सदाचे फोटो बघतोय आम्ही." पलीकडे जरा वेळ टाइपरायटरचा आवाज. मग म्हणाला, "बघतो." तुझाच शब्द. मी फोन ठेवला.

तर रविवार. पहिला फोटो, "वा." दुसरा, "वा, काय नजर होती!" बेलापूरच्या धुक्यातला तो विजेचा खांब, जो तू स्वतः नापास करून टाकला होतास, त्यालाही वा. मुकादमभाई रुमाल डोळ्याला लावून बसलेले. वहिनी पहिल्या बाकावर, हात मांडीवर, चेहरा कोरा. मी बसलो, उठलो, पाठीमागे गेलो, पुढे आलो. चौथ्या की पाचव्या 'वा'ला माझंच मला आवरेना. मी पट्टीपाशी गेलो, खांबाचा फोटो उचलला आणि बाकावर पालथा ठेवला. "हा काढा. धुकं आहे, खांब आहे, आणि काय बघायचंय आपण इथे?"

कुणीतरी मागून म्हणालं, "अहो वसंतराव, निदान आज तरी."

"फोटो कुणाचा ते इथे सांगायचं नसतं," मी म्हटलं. आवाज माझा होता, बोलणं तुझं होतं.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, होकाराची. मग मी दुसरा काढला. मग मुकादमभाईंनी रुमाल खिशात घातला आणि उठले. "हा पण काढा. याचा कलर मीच बिघडवलाय, माझ्या लॅबची नाचक्की नको." आणि बघता बघता जुंपली आमची. मासळीचा ठेवायचा की होड्यांचा, क्षितिज वाकडं आहे की जमीनच वाकडी आहे, सगळे एकदम बोलायला लागले, बाक सरकवून पुढे आले, कुणी कुणाचं ऐकेना. थोडा वेळ आम्ही विसरलोच. थोडा वेळ तू होतास, सदा. इतके दिवस माझ्या पायांना जी ओढ लागली होती ती याचीच होती, हे मला तिथे कळलं. दिवाळ्याच्या मावशीचा फोटो मात्र मी भिंतीसाठी ठेवला. त्यावर माझं मावशीशी जमत नाही.

याच गडबडीत कधीतरी दळवी येऊन शेवटच्या बाकावर बसला होता. हेल्मेट मांडीवर. मी बघितलं, त्याने बघितलं.

निवड संपली असं वाटत असताना वहिनी उठल्या. पर्समधून दोन पुठ्ठ्यांमध्ये धरलेला एक फोटो काढला आणि स्वतःच्या हाताने पट्टीवर ठेवला. साधा, अल्बमच्या मापाचा. परत जागेवर बसल्या.

तुमची नेरूळची बिल्डिंग, अजून रंग न दिलेली. समोर मोकळी माती. त्या मातीत वहिनी उभ्या, पिवळी साडी, हात वर करून नव्या घराची चावी दाखवतायत. डोक्याचा वरचा भाग कापलेला. बिल्डिंग एका बाजूला कललेली. आणि खालून, फोटोच्या तळातून, एक लांबच लांब काळी सावली, दोन्ही कोपर बाहेर काढलेली, माती ओलांडून थेट वहिनींच्या निऱ्यांपर्यंत चढलेली.

तुझी सावली. तू, जो प्रत्येक नव्या मेंबरला पहिल्या दिवशी सांगायचास की सूर्य पाठीशी घ्या पण आपली सावली आपल्या पायाशी ठेवा. फोटोत सावली आली की समजा पाहुण्याच्या ताटात आपला हात गेला.

कुणीतरी सवयीने "वा" म्हणालं आणि गप्प झालं.

मी तुझे कोन उचलले. दुसरं काय करणार, हाताला तेच माहीत. वरचा कोन ठेवला, खालचा हळूहळू वर सरकवत नेला. सावली गेली. तिच्याबरोबर वहिनींचे पाय गेले, निऱ्या गेल्या. वर डोकं कापलेलं होतंच. मी आणखी सरकवणार, एवढ्यात मागून आवाज आला, अगदी हळू.

"भावजी, यांना कापताय तुम्ही."

माझे हात तिथेच राहिले. मग मी कोन काढून घेतले आणि खिशात घातले. सदा, तुझ्या खोक्यात एवढे फोटो, खाडीचे, होड्यांचे, माणसांचे, पण तू कशात होतास? फक्त ह्याच्यात होतास, तळाशी, कोपर काढून.

"सांगा ना आता," वहिनी म्हणाल्या. "खरं सांगा म्हटलं होतं मी."

मी चष्मा काढला आणि फोटो बघितला. तू बघायचास तसा, तेवढा वेळ. तोंडात शब्द आला होता आणि मागे दळवी बसला होता. मी दुसरा शब्द शोधत होतो. गोड शब्द शोधण्यात माझी हयात गेली, आणि नेमका तेव्हा एकही सापडेना. फोटो वाईट होता. आणि तो भिंतीवर लावून अनोळखी माणसांनी त्याच्यासमोरून वडे खात जावं हे मला सहन झालं नसतं.

"जपून ठेवा, वहिनी," मी म्हणालो.

"अरे वसंतभाई," असं मुकादमभाई पुटपुटले. मागे दळवीचं हेल्मेट मांडीवरून फरशीवर पडलं, त्याचा मोठा आवाज झाला. मला वाटलं, संपलं, ही बाई आता माझं तोंड बघणार नाही.

वहिनी हसल्या. आधी ओठांत, मग पदर तोंडाला लावून चांगल्याच, आणि डोळ्यांतून पाणी येतच होतं. "हेपण हेच म्हणाले होते," म्हणाल्या. "लॅबमधून घेऊन आले, पाकीट उघडलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, सुलू, काय शेण खाल्लंय बघ मी. जपून ठेव. आणि वसंताला दाखवू नकोस, जन्मभर ऐकवेल. मी ठेवला, साड्यांच्या घडीत. तुमच्या क्लबात त्याचा काय अर्थ होतो ते मला नंतर कळलं. तोवर ठेवून झाला होता."

मग त्या उठल्या, फोटो पट्टीवरून काढला, पदराने पुसला, परत दोन पुठ्ठ्यांत घातला. कुणीतरी म्हणालं, वहिनी, हा भिंतीवर मधोमध लावूया. त्या म्हणाल्या, "नको. शेजारी उभी राहून सगळ्यांना सांगत बसू का, ही सावली कुणाची ते?"

अरे, हे तुझंच तत्त्व. तू हा शेरा लोकांना मारायचास तेव्हा तुझ्याच घरात, साड्यांच्या घडीत तसला एक फोटो होता, आणि एवढ्या वर्षांच्या भांडणात तू मला ते एकदाही सांगितलं नाहीस. दळवीला सांगितलं असतंस. नुसतं एवढंच, की माझ्याकडेही असा एक आहे बाबा. चहाचीही गरज पडली नसती. यावर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, आणि त्यावर मी काय म्हणालो असतो तेही. पण ते भांडण आता मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागणार.

वर्ग बंद करून मी खाली आलो तर शाळेच्या फाटकाशी दळवी स्कूटरपाशी उभा. हेल्मेट हातात, स्कूटर स्टँडवर. मी जवळ गेलो. मग तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत म्हणाला, "वहिनींना काय बोललात तुम्ही, मला वाटलं त्या रडतील."

"मलापण."

"तो आईचा फोटो." थांबला. "मी फाडणार होतो तेव्हा. इथून घरी गेलो ना, तेव्हाच. मग सदाभाऊ बोलले तसं केलं. ठेवलाय."

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं, किक मारली, आणि स्कूटर चालू ठेवूनच वळून म्हणाला, "घरी या एकदा. चहाला. दाखवतो नीट."

मी बघू म्हणालो नाही, सदा. मी विचारलं, "कधी?"